अठरा मिलिमीटरचे ओठ

तिसरी पाटी बिघडली तेव्हा मिस्त्रींनी मशीनला दोष दिला नाही, लाकडाला दिला नाही, आणि स्वतःला देण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी हवेला दोष दिला. "हवेत ओल आहे," असं ते मोठ्याने म्हणाले. वर्कशॉपमध्ये त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नसल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मग त्यांनी ती पाटी उचलली, आधीच्या दोघींशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि स्टुलावर बसून राहिले.

पाटी साधी होती. पाइनची फळी, अठरा मिलिमीटर जाडीची. त्यावर 'दातांचा दवाखाना' एवढे दोन शब्द आणि खाली एक हसरा दात. शब्द आणि दात मशीनने कोरायचे, कोरलेल्या जागी निळा रंग भरायचा, बाकी लाकूड लाकडासारखं राहू द्यायचं. मिस्त्रींनी आयुष्यात याच्या दसपट अवघड कामं केली होती. पण ती रंगवायची कामं नव्हती. रंगाला मिस्त्री लाकडाचं पाप झाकण्याचा मार्ग समजत, आणि आपल्या लाकडाने कधी पाप केलेलं नाही याची त्यांना खात्री होती.

पाटी लेकीसाठी होती. ही लेक नऊ वर्षांची असताना वर्कशॉपमध्ये येऊन, बापाची पाठ वळलेली बघून, बापाच्याच पकडीने स्वतःचा हलणारा दात उपटून मोकळी झाली होती. रक्ताने माखलेल्या तोंडाने ती दात दाखवत उभी राहिली. मिस्त्रींनी पकड तिच्या हातातून काढून घेतली आणि ते म्हणाले, "तू दातांची डॉक्टर हो. दारावरची पाटी मी करून देतो." लेक खरंच दातांची डॉक्टर झाली. येत्या रविवारी सकाळी दवाखाना उघडायचा होता. आणि पाटी भिंतीकडे तोंड करून उभी होती, एक सोडून तीन.

त्यात लेकीच्या भागीदारणीने, तीही दातांचीच डॉक्टर, एक ॲक्रिलिकची पाटी बनवून ठेवली होती. आतून दिवा लागणारी. मिस्त्रींनी तिचा फोटो पाहिला आणि "फ्रिजचं दार दिसतंय," एवढंच म्हणाले. लेकीने दोघांच्या मधला रस्ता काढला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता शिडीवाला येणार होता. तोवर बाबांची पाटी आली तर दारावर ती. नाही आली तर दिव्याची.

आता आधीच्या तीन पाट्यांचं काय झालं ते सांगायला हवं, कारण मिस्त्री स्वतः कधी सांगणार नाहीत.

पहिल्या पाटीला त्यांनी कोऱ्या लाकडावरच मास्किंगची फिल्म चिकटवली. ही निळसर चिकट फिल्म आधी सगळ्या फळीवर लावायची, मशीनने ती आणि लाकूड एकदमच कापायचं, मग वरून बिनधास्त रंग मारायचा. फिल्म सोलली की रंग फक्त कोरलेल्या जागेत उरतो. निदान तसा उरायला हवा. मिस्त्रींनी फिल्म सोलली आणि बघतात तर रंग लाकडाच्या रेषारेषांतून फिल्मच्या खाली पळाला होता. प्रत्येक अक्षराला मिशा फुटल्या होत्या. दातांचा दवाखाना कसला, न्हाव्याचं दुकान वाटत होतं.

दुसऱ्या पाटीला फिल्म जास्त दाबून बसवली. पण दाताची मोठी जागा खणायला त्यांनी मशीनला आपला लाडका बिट, म्हणजे कापायचं फिरतं पातं, लावला. या बिटाचा पीळ भुसा वर ओढून बाहेर फेकतो, काम झपाट्याने होतं, खड्डा साफ राहतो, म्हणून तो लाडका. पण भुशाबरोबर तो फिल्मच्या कडाही वर ओढतो. दाताला दोन डोळे होते, म्हणजे खड्ड्याच्या मधोमध न कापता सोडलेले दोन गोल ठिपके आणि त्यांच्यावर फिल्मचे दोन बारके तुकडे. ते तुकडे कधी उडाले ते कळलंही नाही. वरून रंग बसला आणि दात आंधळा झाला.

तिसऱ्या पाटीला फिल्मचे दोन थर दिले, रंग चांगला दाट मारला आणि घाई नको म्हणून तीन दिवस वाळवला. रंग इतका वाळला की फिल्म आणि खाच यांच्यावर त्याचं एकच कातडं तयार झालं. सोलताना ते कातडं पापुद्र्यांनी निघालं, खाचेतला रंगही बरोबर घेऊन. आता दाताला कीड लागली होती.

पहिल्या पाटीच्या दिवशीच मिस्त्रीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं होतं, "अहो, आधी बेस लावलात का?"

"हे लाकूड आहे," मिस्त्री म्हणाले, "कुणा नवरीचं तोंड नाही."

मिस्त्रीणबाई आल्या पावली परत गेल्या. पुन्हा त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि मिस्त्रींना तेच जास्त झोंबलं.

मिस्त्रीणबाईंचं ब्यूटी पार्लर त्याच घरात पुढच्या खोलीत होतं. मागे वर्कशॉप, पुढे पार्लर, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पार्टिशन मिस्त्रींनीच सव्वीस वर्षांपूर्वी ठोकलं होतं, आणि घरचं काम म्हणून पातळ प्लायवूड वापरलं होतं. त्यामुळे इकडची शिंक तिकडे ऐकू यायची. करार असा होता की भुसा पुढे येणार नाही आणि क्रीम मागे जाणार नाही. सव्वीस वर्षं दोघांनी तो पाळला होता. मिस्त्री बायकोच्या कामाला 'वरवरचं काम' म्हणत. बाईसुद्धा मशीनचा आवाज वाढला की गिऱ्हाइकांना सांगत, "काही नाही, आमच्याकडे मागे एक रेडा पाळलाय."

तर मंगळवारी सकाळी मिस्त्री स्टुलावर बसून होते. समोर चौथी फळी. त्या मापाची, गाठ नसलेली, ती शेवटचीच. विचारायचं तर पार्टिशनपलीकडे विचारायला हवं होतं, आणि ते तोंडाने शक्य नव्हतं. म्हणजे स्वतःच्या तोंडाने शक्य नव्हतं.

पार्लरमध्ये एक जुना फोन होता. त्यावर कोणाचा नंबर दिसत नसे. मिस्त्रींनी खिशातून मोबाइल काढला, वर्कशॉपच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेले, लाकडाच्या थप्पीमागे उकिडवे बसले, तोंडावर रुमाल धरला आणि फोन लावला. पलीकडे घंटी वाजलेली त्यांना फोनमध्येही ऐकू आली आणि भिंतीतूनही.

"हॅलो, पार्लर."

"हॅलो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बारीक आवाज काढला होता. तो बाईचाही नव्हता आणि माणसाचाही. बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा काहीतरी होता. "ताई, मला जरा विचारायचं होतं. माझी लिपस्टिक पसरते."

पलीकडे कात्री थांबली.

"पसरते म्हणजे कशी?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"ओठांच्या बाहेर. रेषारेषांतून. मिशा आल्यासारखं दिसतं."

"आधी बेस लावता का?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. "नाही."

"मग पसरणारच. ओठ कोरडा असतो, त्याला तहान लागलेली असते. पहिली जी गोष्ट लावाल ती तो पिणार. तुम्ही रंगच पहिला लावला तर रंग पिणार. त्याला आधी बिनरंगाचं काहीतरी पाजा, पोट भरू द्या. मग रंग वरच राहील."

"म्हणजे सगळीकडून पाजायचं?"

"वरून एकदा पाजा, वाळू द्या, बारीक कागदाने घासा." इथे मिस्त्रीणबाई किंचित थांबल्या. "म्हणजे हलक्या हाताने पुसा. मग आखणी झाली की फटींतून पुन्हा एकदा पाजा. कडेच्या खाली जे काही घुसायचं ते बिनरंगाचंच घुसू दे. घुसलेलं दिसत नाही आणि पुढच्याला वाट राहत नाही. समजलं?"

मिस्त्रींना समजलं. इतकं समजलं की त्यांचा रुमाल तोंडावरून खाली आला. खाचेत आधी बिनरंगी सीलर मारायचा, म्हणजे फिल्मच्या कडेखालची फट त्यानेच बुजणार. किती सोपं होतं. तीन फळ्या फुकट गेल्या होत्या.

"आणि ताई," रुमाल परत लावून ते म्हणाले, "केस उभे राहतात."

"कुठले केस?"

"कडेचे. वस्तरा फिरवला की."

"वस्तरा वर ओढत असणार तुम्ही. उलटा फिरवला की केस उभा राहतो, आजूबाजूची कातडीही उचलते. खाली दाबत जाणारा वस्तरा नाही का तुमच्याकडे?"

होता. खणात, डबीत, नवा कोरा. खाली दाबणाऱ्या पिळाचा बिट मशीनबरोबरच आला होता. भुसा बाहेर फेकत नाही, खड्ड्यातच कोंबतो, म्हणून मिस्त्रींनी त्याला आळशी ठरवून खणात टाकला होता.

"आहे. पण तो सावकाश चालतो."

"मग चालू दे की सावकाश. थोडं थोडं काढा, मधे मधे झाडून घ्या. आणि अक्षरांच्या... ओठांच्या रेघेसाठी जे टोकदार वापरता, त्याला धार आहे का ते एकदा भिंगातून बघा."

"बघतो," मिस्त्री म्हणाले. मग घाईने, "बघते."

"बरं. वॅक्सची पट्टी कधी ओढायची तेही विचारून घ्या, आता फोन केलाच आहात तर."

"कधी ओढायची?"

"फार वाळू द्यायची नाही, कातडं सोलून येतं. ओली असताना ओढायची नाही, तारा निघतात. बोटाला लागत नाही पण नख जरासं रुततं, तेव्हा. आणि वर खेचायची नाही. स्वतःवरच दुमडायची, अगदी आडवी, आणि सावकाश."

"आभारी आहे ताई."

"एक राहिलं. ओठांची जाडी किती आहे?"

"अठरा मिलिमीटर," मिस्त्री म्हणाले आणि फोन त्यांच्या हातातून भुशात पडला.

पार्टिशनपलीकडून बोलण्याचा आवाज आला नाही. हसण्याचाही नाही. मिस्त्रींनी कान लावून पाहिलं. नुसती कात्री चालली होती. त्यांनी स्वतःची समजूत घातली की अठरा मिलिमीटरचे ओठ असू शकतात एखादीचे, जग मोठं आहे.

त्या दिवसापासून मिस्त्रींचं वागणं बदललं. त्यांनी फळी घासून रेशमासारखी केली, बिनरंगी सीलरचा हात दिला आणि तो वाळेपर्यंत तिला बोटही लावलं नाही. बुधवारी पुन्हा बारीक पॉलिश पेपर, पुन्हा हात. अक्षरांसाठी ते जो साठ अंशांचा टोकदार व्ही-बिट वापरत होते तो भिंगाखाली धरला. टोक बोथट झालेलं होतं, चघळलेल्या पेन्सिलीसारखं. या टोकाने त्यांनी तीन पाट्या कोरल्या होत्या आणि हवेला शिव्या दिल्या होत्या. "हवेत ओल नव्हती," ते म्हणाले, पण पुटपुटत, म्हणजे पलीकडे जाऊ नये.

गुरुवारी फिल्म लावली, मधून बाहेरच्या बाजूला घासत, एक बुडबुडा न ठेवता. नवा व्ही-बिट लावून अक्षरं कोरली. मग आळशी बिट लावला आणि दात खणायला घेतला, कागदाएवढे पातळ थर काढत. प्रत्येक थरानंतर मशीन थांबवून ते व्हॅक्यूमने भुसा ओढत होते. एरवी दहा मिनिटांचं काम, त्याला पाऊण तास लागला. दाताचे दोन्ही डोळे जागच्या जागी राहिले. 'दवाखाना'मधल्या व आणि ख यांच्या पोटातले फिल्मचे बारके तुकडेही हलले नाहीत. मिस्त्रींनी आळशी बिट पुसून डबीत ठेवला आणि डबी खणात न टाकता टेबलावर ठेवली. मग सगळ्या खाचांतून सीलरचा पातळ फवारा मारला आणि हात मागे बांधून बाहेर निघून गेले, कारण तिथे थांबले असते तर त्यांनी हात लावला असता.

शुक्रवारी सकाळी आठला निळ्याचा पहिला हात. पातळ. इतका पातळ की लाकूड दिसत होतं, आणि मिस्त्रींना दाट मारायची अनावर इच्छा झाली. त्यांनी ती गिळली. साडेनऊला दुसरा हात. अकराला तिसरा. आता निळा खरा निळा दिसत होता.

बाराला पाच मिनिटं असताना लेकीचा फोन आला.

"बाबा, शिडीवाला आलाय. पाटी झाली का?"

मिस्त्रींनी पाटीच्या कोपऱ्यात, जिथे फिल्मवर रंग सांडला होता तिथे, नख टेकवलं. नख सगळंच रुतलं. रंग ओला होता. आत्ता फिल्म ओढली तर तारा निघणार, आणि तारा खाचेच्या कडेवर पडणार. तीन वाजेपर्यंत थांबायला हवं होतं. किंवा ओढायची आत्ताच, आणि रिक्षात घालून न्यायची. लांबून कोणाला काय दिसणार आहे? दारावर तर चढली असती.

"आणतो" हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता.

"बाबा?"

"ती दिव्याची लावून टाक," मिस्त्री म्हणाले. "माझी अजून ओली आहे."

"किती वेळ लागेल? मी त्याला चहा पाजून बसवते हवं तर."

"तीन तास. तीन तास चहा पीत कोण बसतं? लावून टाक म्हटलं ना." आणि त्यांनी फोन ठेवला.

पार्टिशनपलीकडे हेअर ड्रायर चालू होता, तो बंद झाला. मिस्त्री पाटीसमोर उभे होते. त्यांना फार वाईट वाटत होतं. अठरा-वीस वर्षं मनात जपलेलं दार होतं ते, आणि आपण ते स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं, तेही एका कडेसाठी. पण ओली फिल्म ओढायला त्यांचा हात पुढे झाला नाही, आणि तो काही केल्या झाला नसता हेही त्यांना माहीत होतं.

तीन वाजता नख जरासं रुतलं. मिस्त्रींनी फिल्मचं टोक उचललं, दुमडलं, आडवं ओढलं. मोठा भाग सुरळीत आला. मग अक्षरांच्या पोटातले तुकडे राहिले, मुगाच्या डाळीएवढे, आणि दाताचे डोळे. मिस्त्रींची बोटं खोडाच्या ढलप्यांसारखी. त्यांनी नखाने पाहिलं, सुईने पाहिलं, पटाशीच्या टोकाने पाहिलं. एकही तुकडा उचलेना. रंग तर मिनिटामिनिटाला वाळत होता.

शेवटी त्यांनी पाटी दोन्ही हातांवर आडवी घेतली, पार्टिशनच्या दाराशी गेले आणि कोपराने ठोठावलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोण?" आतून आवाज आला.

मिस्त्रींनी एक खोल श्वास घेतला. "अगं, ओठ घेऊन आलोय."

"या," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पण नंबर लागेल. या आधी आल्यात."

आत खुर्चीत एक नेहमीचं गिऱ्हाईक, बँकेतल्या बाई, बसल्या होत्या. तोंडभर हिरवा लेप, तो वाळत आलेला, त्यामुळे बोलायची सोय नाही. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि हाताने 'आधी यांचं घ्या' अशी खूण केली.

"तुला कळलं कधी?" मिस्त्रींनी विचारलं.

"'हॅलो' म्हणालात तेव्हा. बाईचा आवाज म्हणे. घसा बसलेला हवालदार बोलतोय असं वाटत होतं. आणि फोनवर ऐकायच्या आधी भिंतीतूनच ऐकू येत होतं सगळं." मिस्त्रीणबाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. "ठेवा इथे आडवी. तो दिवा धरा. हलवू नका."

त्यांनी भुवया कोरायचा चिमटा उचलला. वाकल्या. व च्या पोटातला तुकडा कडेला अलगद टोचून उचलला, दुमडला, ओढला. निघाला. ख च्या पोटातला. निघाला. इतक्या सहज की मिस्त्रींना राग यायला हवा होता. तो आला नाही. हातात दिवा धरून ते बायकोची बोटं बघत राहिले. सव्वीस वर्षं ही बोटं पार्टिशनच्या पलीकडे रोज हेच करत होती आणि आपण त्याला वरवरचं म्हणत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही. "दिवा बरोबर आहे ना?" एवढंच विचारलं.

"बरोबर आहे."

दाताचा एक डोळा निघाला. दुसऱ्याच्या खाली एक निळा डाग निघाला, केसाएवढा. कुठूनतरी घुसला होताच.

"थांबा, हे आत्ता पुसते," म्हणत मिस्त्रीणबाईंनी नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उचलली.

"नको!" मिस्त्री इतक्या जोराने ओरडले की बँकेतल्या बाई खुर्चीतून उडाल्या. "सीलर जाईल सगळा! दे इकडे. दिवा तू धर."

त्यांनी खिशातून छोटी पटाशी काढली, पात्याची मागची बाजू लाकडाला टेकवली आणि एकदाच, श्वास रोखून, खरवडलं. डाग गेला. खालचं लाकूड तसंच राहिलं. मिस्त्रीणबाई वाकून बघत होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि ही दाद आहे हे मिस्त्रींना कळलं.

मग दोघं मागे सरकून उभी राहिली. एक मिशी नाही. एक पापुद्रा नाही. अक्षरांची कड अशी होती की बोट कापेल. हसरा दात दोन्ही डोळ्यांनी बघत होता. बँकेतल्या बाईंनी मान पुढे काढून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. त्यांच्या लेपाला गालावर दोन मोठे तडे गेले.

"आता ही लावायची कुठे?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

रविवारी सकाळी, लोक यायच्या तासभर आधी, दोघं पाटी चादरीत गुंडाळून दवाखान्यात गेली. दारावर ॲक्रिलिकची पाटी होती, भर उजेडात दिवा लावून. मिस्त्री तिच्याखाली उभे राहिले आणि मान वर करून त्यांनी खोट काढायचा मनापासून प्रयत्न केला. कडा स्वच्छ होत्या, मेल्या.

आत लेक आणि तिची भागीदारीण, दोघी होत्या. लेकीने चादर सोडली. तिने अंगठ्याचं नख व च्या पोटातून फिरवलं, ख च्या, मग दाताच्या सबंध कडेवरून, जसं ती भरलेल्या दाढेवरून फिरवत असेल. मिस्त्री परीक्षेला बसल्यासारखे उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "खुर्चीत झोपा."

"मला काय झालंय?"

"झोपा हो."

मिस्त्री झोपले. खुर्ची मागे गेली, पाय वर आले.

"काय दिसतं?"

"छत."

"आणखी?"

"छतच. त्यात एक ओलीचा डाग आहे."

"माझे पेशंट अर्धा अर्धा तास तोच डाग बघणार आहेत. तोंड उघडं, बोलता येत नाही, मान हलवता येत नाही. दारावरची पाटी माणूस दोन सेकंद बघतो आणि आत येतो. बाबा, ही मला इथे हवी. वरती."

"पण आत झोपलेल्या माणसाला," भागीदारीण हळूच म्हणाली, "हा दातांचा दवाखाना आहे हे सांगायची काय गरज?"

"तेवढाच धीर," लेक म्हणाली.

भागीदारणीला दुसरी शंका होती ती पाटी पेशंटच्या डोक्यावर पडण्याची. मिस्त्रींनी ड्रिल मागवलं, चार लांब स्क्रू छतातल्या लाकडी तुळईत पिळले आणि नुसतं तोंडाने न सांगता स्टुलावरून पाय उचलून पाटीला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं. भागीदारीण किंचाळली. पाटी हलली नाही.

"आता पुन्हा झोपा," लेक म्हणाली. "सरळ बसलीय का ते तुम्हालाच कळेल."

मिस्त्री झोपले. पाटी बरोबर डोळ्यांसमोर होती, आणि पहिल्यांदाच तिला हात पोचत नव्हता. काही दुरुस्त करता येणार नव्हतं, नुसतं बघता येत होतं. करायला काही उरलंही नव्हतं.

"आ करा बाबा. आलाच आहात तर बघून टाकते." लेकीने छोटा आरसा त्यांच्या तोंडात घातला. दिवा पेटवला. मग आरसा फिरवता फिरवता म्हणाली, "किती सुंदर झालीय हो. अशी कड मी कुठेच बघितली नाही. एकट्याने केलीत ना सगळी?"

तोंडात आरसा होता, बोलता येत नव्हतं. गप्प राहायला इतकं चांगलं कारण मिस्त्रींना पुन्हा मिळालं नसतं. त्यांनी लेकीचं मनगट धरलं, आरसा बाहेर काढला आणि उठून बसले.

"लाकूड माझं," ते म्हणाले. "बिट माझा, पण निवडला तिने. आणि ही कड तुझ्या आईची आहे. मला येत नव्हती. तीन पाट्या नासल्या मी."

मिस्त्रीणबाई भिंतीशी उभ्या होत्या, हातात घडी केलेली चादर. "असू दे, असू दे," त्या म्हणाल्या, आणि चादरीची घडी उलगडून पुन्हा घालायला लागल्या.

लेकीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि बापाला खांद्याला धरून परत आडवं केलं. "झोपा. डावीकडची दाढ किडलीय." आरसा पुन्हा आत गेला.

मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते दोन्ही बाजूंनी कानांकडे चाललं.

"दुखतंय का बाबा?" लेकीने विचारलं.

मिस्त्रींनी बोटाने नाही अशी खूण केली. ते वर बघत राहिले, आणि मिस्त्रीणबाईंनी पुढे येऊन चादरीच्या टोकाने त्यांचे कान पुसले.